कारण कोणतेही असो

माझ्या दादाचं बोलणं मी बंद केलं. माझ्या हातानं, कामाच्या वेळात, पगार घेऊन. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी वगैरे म्हणायला नको. बिचारी म्हटलेलं मला अजिबात चालत नाही.

मी फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीत आहे. फोन सुरू केल्यावर जे काही उघडतं, मिटतं, सरकतं, त्या सगळ्याच्या खाली असते ती. माझ्या टीमकडे त्यातलं एकच काम: काचेवर बोट लागलं की फोननं काय समजायचं. सात माणसं, एक खिडकी, आणि ती खिडकीही साहेबाच्या पाठीमागं. साहेबाला आम्ही रुमाल म्हणतो, कारण अवघड प्रश्न आला की तो आधी कपाळ पुसतो आणि मग उत्तर देत नाही.

या धंद्यात पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात, काम नंतर. पेटंट वाचायचं नाही. कुणाचंही, कधीही. समोर आलं तर तोंड फिरवायचं. मला आधी वाटलं थट्टा चाललीय. नवीन काही करायचं तर जुनं वाचायला नको? पण कायदा असा आहे की नकळत कुणाचं पेटंट मोडलं तर ती चूक, आणि वाचून मोडलं तर तो गुन्हा आणि दंड तिप्पट. म्हणून आमच्याकडे अडाणी राहणं हीच हुशारी. रुमाल म्हणायचा, "डोळ्यांवर पट्टी बांधा आणि जोरात पळा." एवढं एकच धड वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. खाणीतल्या अवजड गाड्यांसाठी नियंत्रणाचे पडदे बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता. त्या गाड्या इतक्या हादरतात की ड्रायव्हर एका बटणावर बोट ठेवायला जातो आणि ते लागतं तिसऱ्याच बटणावर. दादानं त्यावर तोड काढली. पडद्यानं पहिला स्पर्श मानायचाच नाही. थोडं थांबायचं, बोट कुठं कुठं उडतंय आणि पुन्हा पुन्हा कुठं येतंय ते बघायचं, आणि जिथं येतंय ते खरं धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. सुचेपर्यंत कुणालाच सुचलं नव्हतं.

कंपनीनं पेटंट घेतलं. कागदावर शोधक म्हणून नाव दादाचं, मालकी कंपनीची. त्याच्या हातात आली एक पाटी, चहाच्या ट्रेएवढी. पुढं पितळी पत्रा, त्यावर त्याचं नाव, पेटंटचा क्रमांक आणि खाली एक ओळ कोरलेली: "थरथरणाऱ्या बोटाचा हेतू ओळखण्याची पद्धत, थरथरीचे कारण कोणतेही असो." हे शेवटचे चार शब्द वकिलाचे नव्हेत, दादाचे. वकील गाडीपुरतंच लिहीत होता. दादा म्हणाला, गाडीच का? बोट कशानंही थरथरेल. वकिलानं टेबलावर थाप मारली म्हणे, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं. हा किस्सा मी निदान पन्नास वेळा ऐकलाय.

पाटी बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर. आल्यागेल्याला ती दाखवल्याशिवाय पाण्याचा पेला मिळत नसे. जाता-येता दादा बोटानं ती सरळ करायचा, वाकडी नसली तरी. वहिनी म्हणायची, "यांचं पहिलं लग्न त्या पाटीशी झालंय, मी दुसरेपणावर आले." दादा हसायचा, कारण ते खोटं नव्हतं.

मग त्याला मज्जातंतूंचा एक आजार झाला. आधी हात गेले, म्हणजे गेले नाहीत, थरथरायला लागले. मग मान. मग जीभ जड झाली. डोकं मात्र लखलखीत. डॉक्टर म्हणाले, ते शेवटपर्यंत तसंच राहील. जणू काही ही आनंदाची बातमी होती. फोनवर एक शब्द लिहायला बसला की दहा भलतीच अक्षरं उमटायची. दोन फोन त्यानं भिंतीवर फेकले. डोळ्यांनी चालणारं यंत्र आणून पाहिलं, पण मान स्थिर नसली की तेही गोंधळतं.

जीभ पुरती जायच्या आधी एका दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं. "छोटे," म्हणाला, एकेक शब्द ओढत, "माझी पद्धत वापर. फोनमध्ये घाल."

"ती कंपनीची आहे ना?"

"कंपनी बुडाली. पाटी माझ्या भिंतीवर आहे."

अख्ख्या आयुष्यात या हुशार माणसाला एवढी एक गोष्ट कळली नाही. नाव माझं म्हणजे वस्तू माझी, असं तो धरून चालला. आणि मला कळत होतं. नियम पाठ होता. पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आणि कामाला लागले.

सहा आठवडे लागले. त्या सोयीला नाव दिलं 'दमानं'. लहानपणी मला सायकल शिकवताना मागून धावत दादा हेच ओरडायचा, दमानं घे, दमानं. रुमालानं कपाळ पुसून मंजुरी दिली. पुढच्या आवृत्तीत 'दमानं' सगळ्या फोनांत गेलं. लिहिलेलं वाक्य फोन मोठ्यानं वाचून दाखवायचा, हीही सोय मी त्याला जोडली.

दादानं पहिलं वाक्य लिहायला अकरा मिनिटं घेतली. आम्ही दोघी श्वास रोखून बसलेल्या. फोन बोलला, "चहात साखर कमी आहे." वहिनी रडली, मग उठून नवा चहा टाकला.

पुढची दोन वर्षं तो बोलला. आजारानं माणूस संत होतो असं ज्याला वाटतं त्यानं आमच्याकडे आठवडाभर राहून बघावं. त्यानं टोमणे मारले, माझ्या कपड्यांना नावं ठेवली, शेजाऱ्याला खोटारडा म्हणाला. एकदा वहिनीला वीस मिनिटं थांबवून लिहिलं, "तू दमलीस. माझ्यामुळे." आणि ती काही बोलायच्या आत पुढं लिहायला घेतलं, "तरी भात कच्चा आहे." तो दादाच होता. घरात दादा होता.

आता माझी करणी. प्रोग्रॅम लिहिताना मध्येमध्ये माणसांसाठी टिपा लिहितात, यंत्र त्या वाचत नाही. 'दमानं'च्या अगदी वर मी एक टीप लिहिली: "ही कल्पना माझ्या दादाची आहे." आणि त्यापुढं क्रमांक. पाटीवरचा. पाटीसमोर उभी राहून, एकेक आकडा तपासून उतरवलेला. कुणीतरी, कधीतरी ती ओळ वाचेल आणि त्याला कळेल की हे कुणाचं डोकं, एवढंच मनात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर क्रमांकासकट दाखवला.

बुडालेल्या कंपनीची पेटंटं मोडीच्या भावात कुणीतरी उचलली होती. त्या लोकांकडे कारखाना नाही, प्रोग्रॅमर नाही, एक खिळासुद्धा ते बनवत नाहीत. ऑफिस आहे, वकील आहेत, आणि पेटंटं भरलेली कपाटं. त्यांनी आमच्यावर दावा लावला. कोर्टानं आमचा प्रोग्रॅम त्यांना बघायला दिला. ती टीप त्यांना पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी सापडली.

आमच्या वकीलबाईंनी मला समोर बसवलं. छापलेला कागद होता, माझी ओळ पिवळ्या रंगात.

"तुम्ही पेटंट वाचलं होतं?"

"पाटी वाचली होती. घरात आहे."

"घरात," त्या म्हणाल्या आणि पेनचं टोपण लावून टाकलं. रुमाल कपाळ पुसत होता.

एकच वाट उरली होती, असं वकीलबाईंचं म्हणणं. समोरचा पक्ष दादाची साक्ष घेणार होता, शोधक म्हणून, घरी येऊन. दादानं म्हणायचं, मला काही आठवत नाही. बहिणीशी काय बोललो आठवत नाही. मग तो क्रमांक म्हणजे एका वेड्या बहिणीनं भिंतीवरून उतरवलेले आकडे, त्यापलीकडं काही सिद्ध होत नाही. आदल्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या. दादासमोर गुडघ्यांवर बसून, बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "तुमची तब्येत बघता कुणी शंका घेणार नाही."

दादानं फोन ओढला. नऊ मिनिटं. "मला ऐकू येतं. डोकं गेलेलं नाही."

त्या गेल्यावर वहिनीनं हात जोडले. "अहो, चार शब्द. 'मला काही आठवत नाही.' तुमचं बोलणं वाचेल हो." दादा पाटीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी समोरचा वकील आला, सोबत एक मदतनीस बाई आणि साक्ष उतरवून घेणारा टंकलेखक. गोड माणूस. आल्या आल्या पाटीसमोर उभा राहिला, चष्मा लावला, दादाचं नाव मोठ्यानं वाचलं आणि वळून म्हणाला, "सर, मला तुम्हाला भेटायचंच होतं. अशी पद्धत शोधणारा माणूस कसा असेल, मी नेहमी विचार करायचो." चार वर्षांत दादाला कुणी सर म्हटलं नव्हतं. नर्स त्याला बाळ म्हणायची. दादाच्या मानेचं हलणंसुद्धा क्षणभर कमी झालं, मी शपथेवर सांगते.

"ही पद्धत तुमची?"

"हो."

"यात लिहिलंय, थरथरीचे कारण कोणतेही असो. हे वकिलाचे शब्द?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. दादाचं बोट काचेवर उडत होतं. वकील म्हणाला, "आम्हाला घाई नाही, सर." त्यानं हातावर हात ठेवून वाट पाहिली, आणि खरंच, त्याच्याएवढ्या शांतपणे दादाची वाट मीही कधी पाहिली नव्हती.

"माझे शब्द," फोन बोलला.

"कारणात आजारही येतो?"

"हो. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"आणि बहिणीनं फोनमध्ये घातली ती हीच पद्धत? त्यांना कुणी सांगितली?"

मी दादाकडे बघत होते. डोळ्यांनी सांगत होते, आठवत नाही म्हण. वहिनी पदराचं टोक चावत होती. सतरा मिनिटं गेली. टंकलेखक मध्ये एकदा उठून पाणी पिऊन आला.

"मीच दिली. तिनं बरोबर बनवली. मला अभिमान आहे."

जन्मात दादानं मला चांगलं म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा ते शपथेवर, टंकलेखकासमोर, समोरच्या वकिलाच्या कामाला यावं म्हणून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा मी की तो, एवढं अजून ठरायचंय.

जाता जाता वकिलानं दादाचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. मग त्याच्या मदतनीस बाईनं फोन उलटा करून मागचा नंबर उतरवून घेतला.

आठवड्याभरात आमच्या कंपनीनं तडजोड केली. लढायचं कशासाठी? रुमालाकडे आकडा होता: 'दमानं' वापरणारे लाखात चार. मी म्हटलं, त्यातला एक माझ्या घरी आहे. तो म्हणाला, "म्हणूनच हे काम तुझ्याकडे देतोय. तुला सगळं ठाऊक आहे." अटी अशा: सोय नव्या फोनांतून काढायची, जुन्या फोनांतूनही काढायची. साक्षीत वापरलेल्या यंत्रातून सगळ्यात आधी, आणि ते काढलं की नाही हे त्यांचा माणूस घरी येऊन तपासणार. ज्यांनी ती बनवली त्यांनी ती कुणाकडेही चालू ठेवायला मदत केल्यास खटला त्यांच्यावर, व्यक्तिशः. खाली माझी सही. पेटंटची अजून नऊ वर्षं शिल्लक होती. डॉक्टरांनी दादाची चार सांगितली होती.

"मी नाही केलं तर?"

"दुसरं कुणी दोन दिवसांत करेल," रुमाल म्हणाला. "पण मग तू इथं नसशील."

मी सही केली. मनात म्हटलं, कुणीतरी करणारच आहे, निदान नोकरी तरी राहील, दादाची औषधं आहेत. सगळं खरं. पण खोटं बोलायला खरी कारणं फार सोयीची पडतात. बनवायला सहा आठवडे लागले होते, पुसायला एक दुपार लागली. ती टीपही मीच पुसली. मग शंभर फोनांवर तपासून पाहिलं, कुठं चुकून चालू राहत नाही ना. नाही राहिलं. माझ्या कामात चूक निघत नाही.

दादाला सांगायला गेले तेव्हा त्यानं शांतपणे ऐकलं. मग पंधरा मिनिटं लिहिलं. "माझ्या परवानगीशिवाय कसं काढतील?"

"दादा, ते तुझं नाही. कधीच नव्हतं."

"नाव कुणाचं आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, "मंगळवारी सकाळी बंद होईल. वहिनीशी काय बोलायचं ते बोलून घे." तो सोमवारी दिवसभर एक अर्ज लिहीत होता. समोरच्या वकिलाला. "आदरणीय महोदय, शोधक या नात्यानं" इथपर्यंत आला होता. वहिनी दिवसभर शेजारी बसून होती, स्वतःसाठी एक शब्द मिळेल म्हणून.

मंगळवारी दहा वाजता त्यांचा माणूस आला. पाठीला पिशवी, हातात फळी, फळीला कागद. वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं फोन घेतला, माझी नवी आवृत्ती चढवली, फोन दादाच्या मांडीवर ठेवला. "काहीतरी लिहा."

दादानं बोट टेकवलं. फोन आता थांबला नाही. जिथं जिथं बोट उडालं ते प्रत्येक अक्षर त्यानं घेतलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं, स्वच्छ आवाजात वाचलं. "ककमजललवकज." दादानं पुन्हा लिहिलं. "जजलकव." वाचून दाखवायची सोय कुणाच्या पेटंटमध्ये नव्हती, म्हणून ती मी राहू दिली होती. ती आता हे असलं काहीबाही वाचत सुटेल, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दादा थांबेना, फोन थांबेना. वहिनीनं शेवटी तो हातातून काढून घेतला.

"झालं, बंद आहे," माणूस म्हणाला आणि खूण केली. "इथं सही. नाहीतर अंगठा चालेल." पहिला ठसा फिसकटला. दुसराही. "जरा स्थिर," तो म्हणाला. तिसऱ्या वेळी मी दादाचं मनगट धरलं आणि दाबून ठेवलं. ठसा नीट आला.

माणूस गेल्यावर वहिनी उठली. खुर्ची ओढली, वर चढली आणि दोन्ही हातांनी पाटी उपटली. खिळ्याबरोबर गिलाव्याचा पोपडा आला. पाटी तिनं टेबलावर पालथी घातली. मागची बाजू पांढरी, गुळगुळीत. जाड पेन घेतलं आणि ओळीनं अक्षरं काढली, क ख ग घ, खाली काना मात्रा वेलांट्या, ठसठशीत. मग ती दादासमोर धरून म्हणाली, "मी बोट फिरवते. हवं ते अक्षर आलं की डोळे मिटा. मला पेटंट नको कुणाचं. बोला."

हे चालणार होतं. मला बघताक्षणी कळलं की हे चालणार. इतकी वर्षं मी फोनशी झटले आणि वहिनीनं दहा मिनिटांत, एका पेनानं. माझे डोळे भरून आले.

वहिनीचं बोट फिरायला लागलं. दादानं 'प'वर डोळे मिटले. मग काना. पा. मी म्हटलं, "पाणी?" डोळे उघडेच. मग 'ट', मग दुसरी वेलांटी. वहिनीचा हात अवघडला, तिनं पाटी गुडघ्यावर टेकवली. तोंडानं ती प्रत्येक अक्षर म्हणत होती, लहान मुलाला शिकवावं तसं. चाळीस मिनिटांनी वाक्य पुरं झालं.

पाटी परत लाव.

"अहो, लावली तर अक्षरं भिंतीकडे जातील," वहिनी म्हणाली. "तुम्ही बोलणार कशानं? दुसरी फळी आणते मी संध्याकाळी, तिच्यावर लिहिते."

दादा तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीवर पाटीच्या जागी फिकट चौकोन उरला होता, तिथं बघत होता. दुसरी फळी तिनं आणली, त्याच संध्याकाळी. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती आजही कपाटामागं आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

वहिनीनं नवा खिळा ठोकला. पितळ पुढं, अक्षरं मागं. उतरून खुर्ची जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मी दादाजवळ बसले. तो पाटीकडे टक लावून होता, पापणी हलत नव्हती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. मला आधी कळेना. मग दिसलं, पाटी डावीकडे किंचित कलली होती. मी उठून बोटानं ती सरळ केली, तेव्हा त्यानं डोळे मिटले.